डीलरकडून जुनी गाडी घेताना: काय करावे, काय टाळावे

डीलरच्या आवारात चाळीस-पन्नास गाड्या उभ्या असल्या, तरी त्यांतल्या बऱ्याच त्याच्या नावावर नसतात. आरसीवर नाव असतं एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याचं, एखाद्या कंपनीचं, क्वचित वारलेल्या माणसाचंही. डीलर मधे उभा असतो आणि आपण पैसे त्याच्या हातात देतो. खरा विकणारा आपल्याला भेटतच नाही. इंजिनात खोट निघाली तर गॅरेजवाला ती पैसे घेऊन काढून देतो. कागदात खोट निघाली तर गाडी दारात उभी राहते, हप्ते चालू राहतात आणि आरटीओचे खेटे सुरू होतात. म्हणून या यादीत कागदांना आणि पैसे देण्याच्या क्रमाला जास्त जागा दिली आहे.

निघण्यापूर्वी

करा: त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमत शोरूममधून विचारून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. चार मीटरपर्यंत लांबीची, 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंतची डिझेल गाडी त्यात येते. जुन्या गाडीची किंमत सांगताना डीलर अजूनही मूळ मालकाने तेव्हा मोजलेली रक्कम पुढे करतो. ती रक्कम आता संदर्भाला धरू नका. आज नवी गाडी कितीला पडते तिथून खाली मोजत या.

करा: गाडीचा नंबर आधी मागा. जाहिरातीत नंबरप्लेट झाकलेली असते, ते ठीक. पण फोनवर विचारल्यावरही नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथे जाऊ नका. नंबर मिळाला की एमपरिवाहन अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत, पीयूसी, कर्जाचा बोजा आणि गाडी काळ्या यादीत आहे का, एवढं घरबसल्या कळतं. मालकाचं नाव तिथे अर्धं झाकलेलं दिसतं, पण आद्याक्षरं आरसीशी जुळवता येतात.

करा: डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का, हे विचारा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर 2022 मध्ये बदल झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नोंदणीची पद्धत आली. अधिकारपत्र 5 वर्षांचं असतं. मालकाने अशा डीलरकडे गाडी सोपवली की नमुना 29सी भरून आरटीओला कळवायचं असतं. त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर येते आणि नाव बदलण्याचा अर्जही तो करू शकतो. अधिकारपत्र आणि या गाडीचा 29सी दोन्ही दाखवणारा डीलर मिळाला, तर पाच-दहा हजार जास्त द्यावे लागले तरी मी तिथूनच घेईन.

टाळा: सगळी शिल्लक गाडीच्या किमतीत घालणं. नाव बदलण्याची फी, विमा, पहिली पूर्ण सर्व्हिस, बहुधा बॅटरी आणि दोन टायर हे खर्च पहिल्या दोन महिन्यांतच येतात. त्यासाठी रक्कम बाजूला काढूनच बजेट ठरवा.

टाळा: संध्याकाळी उशिरा किंवा पावसात गाडी बघणं. ओल्या गाडीवर रंगातला फरक आणि पुटी भरलेली जागा दिसत नाही. सकाळच्या उन्हात जा.

गाडी बघताना

करा: आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. डीलरचा '140 मुद्द्यांचा तपासणी अहवाल' वाचायला घ्या, पण तो विकणाऱ्याने बनवलेला आहे हे ध्यानात असू द्या.

करा: बोनेट उघडल्यावर इंजिनाआधी बोल्ट बघा. बोनेट आणि पुढचे फेंडर ज्या बोल्टनी बसवलेले असतात, त्यांच्या डोक्यावरचा कंपनीचा रंग अखंड असायला हवा. पाना लागला की कडा खरचटतात. एका फेंडरचा बोल्ट खरचटलेला असेल तर किरकोळ काम झालं असेल, त्यात फारसं वावगं नाही. दोन्ही फेंडर, बोनेट आणि रेडिएटरपुढची पट्टी या सगळ्यांना पाना लागलेला दिसला तर गाडी समोरून जोरात आदळलेली आहे. मग अ‍ॅप्रन, म्हणजे पुढच्या चाकांवरचा आतला पत्रा, बघा. दाराचं रबर ओढून पिलरवरचे वेल्डिंगचे ठिपके बघा. कारखान्यातले ठिपके सारख्या अंतरावर, गोल आणि स्वच्छ असतात. गॅरेजमधलं वेल्डिंग वेडंवाकडं दिसतं किंवा पुटीखाली झाकलेलं असतं. बंपर, दार, डिकी यांचं डेंटिंग-पेंटिंग झालेली गाडी योग्य भावात जरूर घ्यावी. पिलर किंवा चॅसिसला मार बसलेली गाडी मात्र कोणत्याही भावात नको.

करा: सगळ्या काचा तपासा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि वर्षाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असेल तर ती का बदलली, हे विचारा. पुढची काच खडा उडूनही फुटते. बाजूच्या दाराची काच सहसा उगाच फुटत नाही.

करा: इग्निशन चालू करून, इंजिन सुरू न करता, डॅशबोर्डकडे बघा. एअरबॅग, एबीएस आणि चेक इंजिनचे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग काही क्षणांत, किंवा इंजिन सुरू झाल्यावर, विझले पाहिजेत. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे, हे सगळ्यांना कळतं. दिवा मुळात लागतच नसेल तर त्याची वायर काढून टाकलेली असू शकते, आणि हे बहुतेक ग्राहकांच्या नजरेतून सुटतं. अपघातात फुटलेली एअरबॅग बदलायला मोठा खर्च येतो. काही जण ती न बदलता दिवाच मुका करून ठेवतात.

करा: पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिका. 26 जुलै 2005 ची मुंबई, ऑगस्ट 2019 मधलं सांगली-कोल्हापूर, 22 जुलै 2021 चं चिपळूण: प्रत्येक पुरानंतर अशा गाड्या लिलावात निघाल्या की त्या गावोगावच्या बाजारांत पांगतात. ज्या शहरात पूर आला तिथे त्या विकल्या जात नाहीत, लांब नेल्या जातात. पुढच्या सीटचा पट्टा अगदी टोकापर्यंत बाहेर ओढा. धुवून-पुसून दिलेल्या गाडीतही पट्ट्याच्या आतल्या शेवटच्या हातभर भागावर गाळाचा पिवळट डाग राहतो, कारण तिथपर्यंत कोणी पट्टा ओढत नाही. मग कार्पेटखाली हात घाला, सीटची रूळपट्टी गंजली आहे का बघा, स्टेपनीच्या खळग्यात आणि फ्यूजच्या डब्यात माती आहे का बघा. हेडलाइटच्या आतून पाण्याची रेघ दिसते. आणि गाडीत शिरताच अत्तराचा भपकारा आला तर सगळ्या काचा चढवून, एसी बंद ठेवून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास वर येतोच.

विमा कंपन्या साधारणपणे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की ती 'टोटल लॉस' धरतात. अशी गाडी भंगाराच्या भावात घेऊन, पुन्हा उभी करून विकणं हा या बाजारातला एक चालता धंदा आहे. त्यामुळे 'बाजारभावापेक्षा सव्वा लाखाने स्वस्त' या शब्दांनी हुरळून जाऊ नका. त्यामागचं कारण शोधा.

टाळा: मीटरवर विश्वास ठेवणं. डिजिटल मीटर मागे घेणं आज काही मिनिटांचं काम आहे. मावसभावासाठी पुण्याच्या एका उपनगरात आम्ही 2017 सालची हॅचबॅक बघायला गेलो होतो. मीटरवर 41 हजार किलोमीटर, गाडी चकाचक, 'फर्स्ट ओनर, डॉक्टरांची गाडी'. पण क्लचच्या पॅडलचं रबर एका कडेला इतकं झिजलं होतं की खालचं लोखंड दिसत होतं. स्टिअरिंगवर नवं कव्हर होतं. ते जरा बाजूला सारलं तर खालचं कातडं गुळगुळीत झालेलं. चारही टायर एकाच कंपनीचे आणि नवे, म्हणजे मूळ संच संपून गेलेला. अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन लावायला सांगितला तेव्हा विक्रेत्याने आधी 'तिथे माहिती देत नाहीत' म्हटलं. आम्ही निघायला लागल्यावर त्याने फोन लावला. 2021 च्या सर्व्हिसला त्याच गाडीची नोंद 78 हजारांची होती. आवारातल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीकडे न बघता आम्ही परतलो.

म्हणून सर्व्हिसचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोर मागवा. सेंटर ही माहिती अनोळखी माणसाला देत नाही, हे खरं आहे. पण मालकाच्या किंवा डीलरच्या फोनवरून ती मिळते, आणि जुनी बिलं तर मालकाकडे असतातच. प्रत्येक बिलावर किलोमीटर छापलेले असतात.

करा: टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनी धरून पाचही टायर वाचा. गाडी 2020 ची आणि स्टेपनी 2016 ची, असं असेल तर ती स्टेपनी या गाडीची नव्हे.

करा: चॅसिस नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. तो 17 अक्षर-आकड्यांचा असतो. इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. नंबर पत्र्यावर कोरलेला असतो. आसपास ग्राइंडरचे ओरखडे, वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर पुढची चर्चा बंद. इंजिन नंबरही जुळवा.

टाळा: बाहेरून बसवलेली सीएनजी किट आरसीवर नोंदलेली नसताना 'नंतर करून घेऊ' यावर गाडी घेणं. नोंद नसेल तर विम्याच्या वेळी अडचण येते. सिलिंडरची चाचणी दर 3 वर्षांनी लागते, तिचं प्रमाणपत्र मागा.

टाळा: कॅब म्हणून धावलेली आणि नंतर खासगीत बदललेली गाडी खासगीच्या भावात घेणं. मागच्या सीटची फोम दबलेली, मागच्या दारांचे हँडल घासलेले, आणि वर्षाला चाळीस-पन्नास हजारांचं रनिंग या तिच्या खुणा आहेत.

चालवून बघताना

करा: जाण्याआधी सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर तासभर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. थंडीत सुरुवातीला निघणारी वाफ चालते, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय, आणि ते काम खर्चाचं आहे. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून 'बॅक कॉम्प्रेशन' तपासायला मेकॅनिकला सांगा. तिथून भकाभका धूर आला तर ती गाडी सोडून द्या.

करा: दहा-पंधरा किलोमीटर चालवा. त्यात खड्ड्यांचा रस्ता, एखादा चढ आणि थोडा वेगाचा टप्पा असू द्या. एसी चालू ठेवून चढावर ओढ बघा. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तर क्लच संपला आहे. ऑटोमॅटिक गाडी असेल तर संथ ट्रॅफिकमध्ये जास्त वेळ घालवा, धक्के तिथेच जाणवतात.

टाळा: विमा संपलेली गाडी चाचणीला रस्त्यावर नेणं. स्टिअरिंगवर तुम्ही असता.

टाळा: चाचणीच्या वेळी मोठ्याने गाणी. विक्रेता म्युझिक सिस्टिम दाखवायला लागला तर नम्रपणे बंद करायला सांगा.

कागद

करा: मूळ आरसी हातात घ्या. झेरॉक्स किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालणार नाही. त्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी असते. वय उत्पादनावरून मोजा. मालक कितवा, हेही तिथे असतं. 'फर्स्ट ओनर' हा शब्द डीलरकडून ऐकण्यापेक्षा तिथे वाचा.

करा: आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशी एकदा फोनवर बोला. हा सल्ला मी सगळ्यांत आधी देतो आणि डीलरला तो सगळ्यांत कमी आवडतो. चार प्रश्न पुरतात: गाडी कधी दिली, किती किलोमीटरला दिली, मोठा अपघात झाला होता का, आणि डीलरकडून सगळे पैसे मिळाले का. चौथा प्रश्न विसरू नका. मालकाचे पैसे थकले असतील तर तो नाव बदलण्यासाठी लागणारा ओटीपी देणार नाही, सही करणार नाही, आणि गाडी तुमच्या दारात असूनही तुमच्या नावावर येणार नाही.

करा: कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे आरसीवर आणि वाहन पोर्टलवर बघा. मालकाने कर्ज फेडलं तरी नोंद आपोआप निघेलच असं नाही. बँकेचं ना हरकत पत्र आणि नमुना 35 दोन्ही लागतात. 'पत्र आलंय, नोंद आठवड्यात निघेल' असं सांगितलं तर आठवड्याने या.

करा: विम्याची मागची पॉलिसी मागा आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस वाचा. एक वर्ष क्लेम न घेतल्यास 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के अशी ही शिडी असते. पाच वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल तर बहुधा मागच्या वर्षी क्लेम झाला आहे. कशाचा, ते विचारा. मालकाने बोनस आपल्या नव्या गाडीला नेला असेल, तेही शक्य आहे. तसं असेल तर त्याचं पत्र असतं. हा बोनस माणसाचा असतो, गाडीसोबत येत नाही. डीलर '50 टक्के बोनसवाला विमा फ्री' म्हणाला, तरी पॉलिसी नावावर करताना तो फरक तुम्हालाच भरावा लागतो.

करा: थकलेली ई-चलनं तपासा आणि ती विक्रेत्याकडून भरून घ्या. मुंबई-पुण्यात फिरलेल्या गाडीवर हजारोंची चलनं साचलेली सापडतात.

करा: नंबरप्लेट बघा. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घेणं बंधनकारक केलं आहे आणि ती नसेल तर नाव बदलण्यासारखी कामं आरटीओत अडतात. चारचाकीचा दर 745 रुपये अधिक जीएसटी आहे. रक्कम छोटी आहे, पण प्लेट लागलेली नसेल तर तुमचा महिना जातो.

करा: गाडी चोरीची नाही याची खात्री राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवरून करा. इंजिन आणि चॅसिस नंबर टाकून तसा दाखला काढता येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

टाळा: कोऱ्या टीटी फॉर्मवर गाडी घेणं. टीटी फॉर्म म्हणजे नाव बदलण्याचे नमुना 29 आणि 30. मूळ मालकाकडून त्यांवर फक्त सह्या घेतल्या जातात, घेणाऱ्याची जागा आणि तारीख रिकामी ठेवतात, आणि गाडी दोन-तीन डीलरांच्या हातून फिरते. दरम्यान मालक गाव सोडतो, फोन बदलतो, कधी वारतो. वारला असेल तर त्या सह्यांना अर्थ उरत नाही. मग वारसाच्या नावावर नमुना 31 ने गाडी आधी चढवावी लागते. फॉर्मवर तुमचं नाव, आजची तारीख आणि मालकाची ताजी सही असू द्या. विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 50 सांगतं.

टाळा: परराज्यातली गाडी केवळ स्वस्त म्हणून उचलणं. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या, विशेषतः मोठ्या डिझेल गाड्या, आपल्याकडे येऊ लागल्या. तिथल्या आरटीओचं नमुना 28 चं ना हरकत प्रमाणपत्र, इथला एकरकमी कर, नवा एमएच नंबर, नवी प्लेट हे सगळं जोडल्यावर वाचवलेले पैसे किती उरतात, ते कागदावर मांडा. परराज्यातला नंबर 12 महिन्यांपेक्षा जास्त इथे चालवता येत नाही.

पैसे

करा: इसार छोटा द्या, पाच-दहा हजारांच्या वर नको. पावतीवर लिहून घ्या: 'कागद किंवा तपासणीत खोट निघाल्यास, अथवा कर्ज मंजूर न झाल्यास, पूर्ण रक्कम परत.' असं लिहून द्यायला जो नाही म्हणतो, तो नंतर परतही देत नाही.

करा: काही रक्कम नाव बदलेपर्यंत हातात ठेवा. किमतीच्या दहा टक्के तरी असावी. आरसी तुमच्या नावावर आली की ती द्यायची, असं करारात लिहा. या एका कलमाने डीलरच्या माणसाला आरटीओची वाट आपोआप आठवते.

करा: बिल मागा आणि जीएसटीचा हिशेब समजून घ्या. 25 जानेवारी 2025 पासून नोंदणीकृत डीलरने विकलेल्या जुन्या गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, पण तो डीलरच्या नफ्यावर. त्याने गाडी 4 लाखांना घेतली आणि तुम्हाला साडेचारला दिली, तर कर 50 हजारांवर लागतो, म्हणजे 9 हजार. साडेचार लाखांवर 18 टक्के लावून 81 हजार मागितले तर ते चूक आहे.

टाळा: मोठी रोकड. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं प्राप्तिकर कायद्याला मान्य नाही. शिवाय 'बिल कमी रकमेचं करू, उरलेले रोख द्या' या सौद्यात उद्या वाद झाला तर तुमच्याकडे पुरावा फक्त बिलातल्या रकमेचा असतो.

टाळा: डीलरच्या टेबलावरचं पहिलं कर्ज. तिथे व्याज बहुधा 'फ्लॅट' दराने सांगतात. 4 लाख, 5 वर्षं, 8 टक्के फ्लॅट म्हणजे 1 लाख 60 हजार व्याज आणि महिना साधारण 9,333 रुपये हप्ता. बँकेच्या घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर जवळपास 14 टक्के पडतो. आपल्या बँकेत किंवा पतसंस्थेत आधी विचारून या.

टाळा: तोंडी वॉरंटी. 'इंजिन-गिअरबॉक्सची सहा महिने गॅरंटी आहे साहेब' हे वाक्य छान वाटतं. कागद मागितला की कळतं, क्लच नाही, टर्बो नाही, एसी नाही, आणि सर्व्हिस त्यांच्याच गॅरेजात करायची. काय बसतं आणि काय बसत नाही, ते सही-शिक्क्यासह घ्या.

आपली जुनी गाडी बदलीत देताना

टाळा: तुमच्या गाडीच्या फॉर्मवर सह्या करून, चावी देऊन विसरून जाणं. नवी घेण्याच्या आनंदात हे फार जण करतात. आरसीवर जोवर तुमचं नाव आहे तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं आणि मधे अपघात झाला. भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या नावावर आली.

करा: 29सीची पोच घ्या किंवा नमुना 29 स्वतः भरून आरटीओला द्या. फास्टॅग बंद करा. विम्याची पॉलिसी वेगळी सोडवा आणि तुमचा नो क्लेम बोनस पत्रावर मागून घ्या, तो नव्या गाडीला चालतो.

ताबा घेताना

करा: डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा, मीटरचा आकडा लिहा, दोघांच्या सह्या घ्या. त्या मिनिटाआधीचं चलन, अपघात, पोलीस तक्रार त्यांची आणि नंतरची तुमची. वेळ न लिहिलेल्या नोटमुळे त्याच दिवशी सकाळच्या चलनावरून भांडणं होतात.

करा: दोन्ही चाव्या मागा. दुसरी चावी हरवली असं सांगितलं तर नवी करून मागा किंवा तेवढे पैसे कमी करा. स्मार्ट चावी हजारोंत जाते, शिवाय हरवलेली चावी कोणाकडे आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. जॅक, पाना, स्टेपनी मोजून घ्या.

करा: विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज 14 दिवसांत द्या. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीसोबत येतं. गाडीचं स्वतःचं नुकसान मात्र जुन्या मालकाच्या नावावरच्या पॉलिसीतून तुम्हाला मिळत नाही. घरी नेताना झालेल्या ठोकरीचा खर्च खिशातून गेलेली माणसं मला भेटली आहेत.

टाळा: मुहूर्तासाठी अर्धे कागद स्वीकारणं. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया जवळ आली की डीलर म्हणतो, आज गाडी न्या, कागद मागाहून. सण महत्त्वाचा आहे हे मान्य. मग तीन आठवडे आधी सौदा ठरवा आणि सणाच्या दिवशी तयार कागदांसह गाडी आणा.

बिनसलं तर

लपवलेला अपघात, मागे घेतलेलं मीटर, न बदललेलं नाव: आधी डीलरला लेखी कळवा, ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने. फोनवरच्या बोलण्याला पुढे किंमत राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हेही त्यातच येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तिथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते आणि 5 लाखांपर्यंत फी लागत नाही. वकील नसला तरी चालतो. लागतात ते कागद: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, इसाराची पावती, करार, बिल, डिलिव्हरी नोट, मेकॅनिकचं लेखी मत. तक्रारीची मुदत 2 वर्षांची आहे, तोवर ही फाइल टाकू नका.